कानापर्यंतची वाट : टीव्ही आणि कन्सोलसाठी हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर

कानांवर हेडफोन चढवून काम करणारी माणसे जबलपूरला नवी नाहीत. लष्कराच्या सिग्नल कोअरचे प्रशिक्षण केंद्र इथे ब्रिटिश काळापासून आहे, आणि मोर्सचे कट्ट-कड कानांनी टिपायला शिकून जवानांच्या कितीतरी तुकड्या इथून बाहेर पडल्या. १९४२ साली याच शहरात दूरसंचार प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आज ते भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखले जाते. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे. राइट टाउनमध्ये टेलिकॉम फॅक्टरी उभी राहिली. तारखाते, रेल्वे आणि आयुध निर्माणी यांच्या नोकऱ्यांमुळे या गावात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत ‘ओहम’ आणि ‘डेसिबल’ हे शब्द जेवणाच्या पानावरही ऐकू येत.

त्याच घरांतल्या आजच्या पिढीपुढे हे शब्द वेगळ्या वाटेने आले आहेत. बाहेरच्या खोलीत मोठा टीव्ही, त्याखाली प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स, शेजारच्या खोलीत झोपलेले आजोबा किंवा बारावीचा अभ्यास करणारी बहीण. रात्री खेळायचे किंवा सिनेमा पाहायचा तर हेडफोन हवाच. मग कोणीतरी चांगला, स्टुडिओत वापरतात तसला हेडफोन आणतो, कंट्रोलरला जोडतो, आणि आवाज पूर्ण वाढवूनही तो कानात भरत नाही. दुकानदार सांगतो, ‘याला अ‍ॅम्प लागेल.’ कोणता, हे मात्र दहा जण दहा तऱ्हांनी सांगतात.

या प्रकरणात मांडायची गोष्ट एकच आहे. ही निवड कानाकडून मागे मागे जात करावी. आधी हेडफोन, मग त्याला लागणारी शक्ती, मग टीव्ही किंवा कन्सोलमधून आवाज बाहेर काढण्याची वाट, आणि सगळ्यात शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. हा क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात.

ओहम, व्होल्ट आणि एक जुना हेडफोन

बिनतारी संदेशांच्या सुरुवातीच्या काळात वापरले जाणारे हेडफोन बऱ्याचदा २००० ओहमचे किंवा त्याहूनही अधिक रोधाचे असत. त्यामागे कारण होते. क्रिस्टल रेडिओतून किंवा त्या वेळच्या रिसीव्हरमधून मिळणारा प्रवाह अतिशय तुटपुंजा असे. एवढ्याशा प्रवाहातून पडदा हलवायचा तर चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे द्यावे लागत, आणि बारीक लांब तार म्हणजे जास्त रोध. पुढे ट्रान्झिस्टर आले. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला. छोट्या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राकडे व्होल्टेज कमी असतो, पण थोडा प्रवाह देणे त्याला जमते. म्हणून खिशातल्या यंत्रांसाठीचे हेडफोन १६ ते ३२ ओहमवर उतरले. स्टुडिओतले हेडफोन मात्र ८०, २५०, ३००, कधी ६०० ओहमचेही राहिले, कारण तिथल्या यंत्रांकडे व्होल्टेजची कमतरता नव्हती.

नळाच्या पाण्यावरून हे सहज कळते. व्होल्टेज म्हणजे टाकीच्या उंचीमुळे मिळणारा दाब, प्रवाह म्हणजे नळीतून वाहणारे पाणी आणि ओहम म्हणजे नळीचा अरुंदपणा. अरुंद नळीतून पुरेसे पाणी काढायचे तर टाकी उंच हवी. रुंद नळीला उंची कमी चालते, पण टाकीत पाणी भरपूर हवे. अ‍ॅम्प्लिफायरचे काम ही टाकी पुरवण्याचे आहे. येणाऱ्या संकेताचा आकार जसाच्या तसा ठेवून त्यामागे पुरेसा व्होल्टेज आणि पुरेसा प्रवाह उभा करणे, एवढेच तो करतो. आवाज ‘गोड’ करणे हे त्याचे काम नाही. चांगला अ‍ॅम्प आहे ते बिघडवत नाही आणि स्वतःची खरखर त्यात मिसळत नाही.

आजच्या टीव्ही आणि कन्सोलमधून आवाज बहुतेक वेळा आकड्यांच्या, म्हणजे डिजिटल रूपात बाहेर पडतो. त्याचे विजेच्या लहरीत रूपांतर करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. बाजारात ‘हेडफोन अ‍ॅम्प’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच डब्यांत डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही एकत्र असतात. नुसता अ‍ॅम्प घेतला तर त्याला लहरीच्या रूपातला आवाज द्यावा लागतो, ऑप्टिकल किंवा यूएसबीची तार थेट लावता येत नाही. खरेदीआधी हा फरक नक्की तपासावा.

तीन हेडफोन, एक हिशेब

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे पाहायचे : रोध, म्हणजे ओहम, आणि संवेदनशीलता, म्हणजे एक मिलिवॅट शक्ती दिली तर किती डेसिबल आवाज होतो. डेसिबल हे माप १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल दूरध्वनी व्यवस्थेत तयार झाले. शक्ती दहापट केली की १० डेसिबल वाढतात आणि दुप्पट केली की साधारण ३, हा त्याचा नियम.

आता किती आवाज हवा ते ठरवू. खेळ किंवा सिनेमा ७५ ते ८० डेसिबलच्या सरासरीवर ऐकला तर स्फोट, गोळीबार, ढगांचा गडगडाट अशा क्षणी लहर त्याच्या २०-३० डेसिबल वर उसळते. ती कापली जाऊ नये म्हणून क्षणभरासाठी ११० डेसिबलपर्यंतची तयारी ठेवायची. हा आकडा क्षणिक उसळीचा आहे. तेवढ्या आवाजात सतत ऐकत बसायचे नाही.

पहिला हेडफोन घेऊ ३२ ओहमचा, एका मिलिवॅटला १०० डेसिबल देणारा. ११० साठी दहापट, म्हणजे १० मिलिवॅट लागतील. व्होल्टेजचा हिशेब केला तर साधारण ०.५७ व्होल्ट. एवढे कंट्रोलरचा जॅक, लॅपटॉप किंवा साधा फोन बहुधा देतो. इथे वेगळा अ‍ॅम्प घेऊन आवाजात फारसा फरक पडणार नाही.

दुसरा २५० ओहमचा, ९६ डेसिबलचा. बायरडायनॅमिकच्या डीटी ९९० प्रोच्या २५० ओहम प्रकाराचे हेच आकडे आहेत, आणि खेळणाऱ्यांमध्ये तो बराच लोकप्रिय आहे. त्याला १४ डेसिबल वर जायचे तर २५ मिलिवॅट आणि २.५ व्होल्ट लागतात. प्रवाह फक्त १० मिलिअँपिअर, पण २.५ व्होल्ट देणे बॅटरीवरच्या कंट्रोलरला जड जाते. अ‍ॅम्प्लिफायरची खरी गरज इथे आहे.

तिसरा प्लॅनर जातीचा, म्हणजे पातळ पडद्यावर सपाट वाहक पट्ट्या असलेला. समजा तो २५ ओहमचा आणि ९१ डेसिबलचा आहे. ओहम कमी म्हणून तो सहज वाजेल असे वाटते. पण ११० डेसिबलसाठी त्याला ७९ मिलिवॅट लागतात, म्हणजे १.४ व्होल्ट आणि तब्बल ५६ मिलिअँपिअर प्रवाह. नुसते ओहम पाहून निर्णय घेणारा इथे फसतो. ओहम आणि संवेदनशीलता हे दोन्ही आकडे नेहमी एकत्रच वाचावेत.

यात आणखी एक गफलत होते. काही कंपन्या संवेदनशीलता एका मिलिवॅटला देतात, काही एका व्होल्टला. ३०० ओहमच्या हेडफोनला एक व्होल्ट दिला तर ३.३ मिलिवॅट शक्ती जाते, म्हणून ‘एका व्होल्टला १०३’ म्हणजे ‘एका मिलिवॅटला ९८’. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये हा फरक १५ डेसिबलचा होतो. दोन हेडफोनची तुलना करण्याआधी माप एकच आहे ना, ते पाहावे.

आवाज बाहेर काढायचा कुठून?

संगणकावर ऐकणाऱ्याला ही चिंता नसते : यूएसबी लावले की काम झाले. टीव्ही आणि कन्सोलच्या बाबतीत अर्धी निवड याच प्रश्नावर ठरते, म्हणून इथे थोडे थांबू.

टीव्हीच्या मागे तीन जागा शोधाव्यात. पहिली, ३.५ मिमीचा हेडफोन जॅक. नव्या टीव्हींतून तो हळूहळू नाहीसा होतो आहे, आणि असला तरी त्यात खरखर ऐकू येण्याचा संभव असतो. दुसरी, ऑप्टिकल. प्रकाशाच्या धाग्यातून आवाज नेण्याची ही पद्धत तोशिबाने १९८३ मध्ये आणली आणि आजही ती बहुतेक टीव्हींवर आहे. तिसरी, ‘एआरसी’ लिहिलेले एचडीएमआय. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून टीव्ही त्याच तारेतून आवाज परत बाहेर पाठवू शकतो. काही नव्या डॅकमध्ये एआरसीची सोय असते. ती असेल तर टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त करता येऊ शकतो. ऑप्टिकलमधून सहसा ठरलेल्या पातळीचाच आवाज येतो, त्यामुळे अ‍ॅम्पची खुंटी फिरवावी लागते.

ऑप्टिकल लावून काहीच ऐकू आले नाही, किंवा नुसता खर्रर्र आवाज आला, तर यंत्र नादुरुस्त आहे असे लगेच समजू नये. ऑप्टिकलमधून दोन प्रकारचा मजकूर जातो : साधा दोन वाहिन्यांचा पीसीएम किंवा दाबून बसवलेला डॉल्बी, डीटीएस. साध्या डॅकला पीसीएमच कळतो. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘डिजिटल आउटपुट’ शोधून तिथे पीसीएम निवडले की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. जुन्या टीव्हीवर ऑप्टिकल नसेल, पण केबलच्या किंवा डिशच्या सेट-टॉप बॉक्सला लाल-पांढऱ्या आरसीए पिना असतील, तर निदान वाहिन्यांचा आवाज तिथून थेट अ‍ॅम्पमध्ये नेता येतो.

आता कन्सोल. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोघांनाही ऑप्टिकल होते. २०२० च्या पिढीत, म्हणजे प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांत, ते दोन्ही कंपन्यांनी काढून टाकले. आज कन्सोलच्या पाठीमागे ऑप्टिकलचे भोक शोधून सापडणार नाही. पुढची वाट दोघांची वेगळी आहे.

प्लेस्टेशन ५ यूएसबी डॅक स्वीकारतो, पण तो डॅक ‘यूएसबी ऑडिओ क्लास १’ या जुन्या पद्धतीने बोलणारा हवा. बरेच महागडे डॅक फक्त दुसऱ्या, नव्या पद्धतीने बोलतात. ते कन्सोलला जोडले की ओळखलेच जात नाहीत. काही डॅकवर पहिली पद्धत चालू करण्याचे बटण किंवा सेटिंग असते. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘यूएसी १’ किंवा ‘प्लेस्टेशनसाठी’ असे लिहिलेले आहे का, ते पाहूनच पैसे द्यावेत. यूएसबी मार्गाचा आणखी एक मोठा फायदा आहे. प्लेस्टेशन ५ चा ‘टेम्पेस्ट’ त्रिमितीय ध्वनी हेडफोनसाठी तयार होतो तो कंट्रोलरच्या जॅकमधून किंवा यूएसबीतून. टीव्हीच्या ऑप्टिकलमधून हेडफोन लावला तर हा हेडफोनसाठीचा ध्वनी मिळत नाही.

त्रिमितीय ध्वनीचे महत्त्व नीट समजून घ्यायला हवे. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा आणि किंचित हळू पोहोचतो. हा उशीर जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांश इतका असतो, तरी मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. वरून आला की मागून, हे कानाच्या पाळीच्या घडीतून होणाऱ्या बदलांवरून कळते. हे सगळे गणित कन्सोल आधीच करून दोन वाहिन्यांत भरतो. अ‍ॅम्प्लिफायरने ते जसेच्या तसे पोहोचवायचे असते. म्हणून अशा आवाजावर डब्यातला आणखी एखादा ‘सराउंड’ परिणाम चढवू नये. दोन गणिते एकमेकांत मिसळली की मागचा शत्रू कुठे आहे ते कळेनासे होते.

एक्सबॉक्सची वाट अरुंद आहे. तो सर्वसाधारण यूएसबी डॅक घेत नाही. त्याच्यासाठी दोन मार्ग उरतात. एक, टीव्हीच्या ऑप्टिकलमधून डॅक-अ‍ॅम्पमध्ये. दोन, कंट्रोलरच्या ३.५ मिमी जॅकमधून तार काढून अ‍ॅम्पच्या लाइन-इनमध्ये. दुसऱ्या मार्गात एका अ‍ॅम्पमागे दुसरा अ‍ॅम्प लागतो खरा, पण त्याने काही बिघडत नाही. कंट्रोलरचा आवाज बऱ्यापैकी वर ठेवावा आणि बाकी नियंत्रण अ‍ॅम्पच्या खुंटीवर सोपवावे. कन्सोलनेच हेडफोनसाठी तयार केलेला अवकाशीय ध्वनी कंट्रोलरमधून येतो, हा या मार्गाचा फायदा.

निन्टेन्डो स्विच या बाबतीत मोकळ्या मनाचा आहे. त्याच्या अंगावरच ३.५ मिमी जॅक आहे, २०१७ पासून तो यूएसबी ध्वनी आणि २०२१ पासून ब्लूटूथ हेडफोनही स्वीकारतो.

ब्लूटूथबद्दल इथेच बोलू. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स नेहमीचे ब्लूटूथ हेडफोन घेत नाहीत, आणि त्याचे एक मोठे कारण उशीर हे आहे. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत यायला १५० ते २५० मिलिसेकंद लागू शकतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात २०० मिलिसेकंद म्हणजे बारा चित्रे. सिनेमात टीव्ही चित्र थांबवून ओठ आणि शब्द जुळवू शकतो. खेळात चित्र थांबवता येत नाही. तारेने जोडलेल्या डॅक-अ‍ॅम्पमध्ये हा उशीर नगण्य असतो. मात्र ऑप्टिकल मार्गात टीव्ही स्वतः चित्रावर काम करताना वेळ घेतो, म्हणून खेळताना टीव्हीचा ‘गेम मोड’ सुरू ठेवावा.

राहिला मायक्रोफोन. गेमिंग हेडसेटच्या पिनेवर चार पट्ट्या असतात, डावा, उजवा, भूमी आणि माइक. बहुतेक हेडफोन अ‍ॅम्पच्या जॅकला तीनच पट्ट्या कळतात, त्यामुळे माइक मुका होतो. मित्रांशी बोलत खेळायचे असेल तर आधीच सोय करावी. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये माइक बसवलेलाच आहे. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये नाही. तिथे कंट्रोलरला वेगळा छोटा माइक लावून खेळाचा आवाज टीव्हीच्या ऑप्टिकलमधून घेता येतो. माइकची जागा असलेले गेमिंग डॅक-अ‍ॅम्पही मिळतात. क्रिएटिव्हचा साउंड ब्लास्टरएक्स जी ६ हे त्याचे परिचित उदाहरण. त्याला यूएसबी आणि ऑप्टिकल दोन्ही आहेत आणि ऑप्टिकलमधून आलेले डॉल्बी डिजिटलही तो उलगडतो.

घरातली वीज, घरातला कूलर

परदेशी माहितीपत्रकांत न सापडणाऱ्या काही गोष्टी आपल्या घरात ठरतात. पहिली म्हणजे गुणगुण. हेडफोनमध्ये सतत हलकी ‘हूं’ ऐकू येत असेल तर ती बहुधा आपल्या ५० हर्ट्झ विजेची असते. टीव्हीला लागलेली केबलवाल्याची तार एका ठिकाणी जमिनीला जोडलेली, अ‍ॅम्पची तीन पिनांची वायर दुसऱ्या ठिकाणी. दोन भूमींमध्ये थोडा विद्युतदाब राहतो आणि त्यामुळे आरसीए तारेतून प्रवाह फिरू लागतो. परीक्षा सोपी आहे. टीव्हीमागची केबलची तार क्षणभर काढून पाहावी. गुणगुण थांबली तर मूळ सापडले. उपाय म्हणजे आरसीएऐवजी ऑप्टिकल वापरणे. प्रकाशाचा धागा विजेचा वाहक नसतो, त्यामुळे ते चक्रच तुटते. अ‍ॅम्पच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढून गुणगुण थांबवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. वीज गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन लहर देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो, आणि काही अ‍ॅम्पमधून तिची भणभण ऐकू येते. वीज असताना शांत आणि गेल्यावर भणभणणारा अ‍ॅम्प बदलण्याची गरज नसते. दोष विजेच्या आकाराचा असतो.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि खोलीत वाळ्याचा कूलर धडधडत असतो. पाठ उघडी असलेला, म्हणजे ओपन-बॅक हेडफोन घातला तर कान हवेशीर राहतात आणि आवाजाला मोकळेपणा येतो, पण कूलरची सगळी घरघर आत शिरते. मग माणूस नकळत खुंटी वाढवत जातो, आणि अ‍ॅम्प ताकदवान असेल तर ती वाढतही जाते. बंद पाठीचा हेडफोन कान तापवतो पण घरघर बाहेर ठेवतो. शेजारच्या खोलीत कोणी झोपले असेल तर ओपन-बॅकमधून बाहेर गळणारा आवाजही त्यांच्यापर्यंत जातो. खोली आणि ऋतू पाहून हेडफोनची जात ठरवावी. अ‍ॅम्पचा विचार त्यानंतर.

चौथी गोष्ट अंतराची. अ‍ॅम्प टीव्हीखाली ठेवला तर खुंटी फिरवायला दर वेळी उठावे लागते आणि हेडफोनची तार ताणली जाते. ऑप्टिकलची तीन ते पाच मीटरची तार सहज मिळते. ती भिंतीच्या कडेने आणून अ‍ॅम्प बसायच्या जागेजवळ ठेवावा. ही तार टोकदार वळणावर दुमडू मात्र नये, आतला धागा मोडतो.

अ‍ॅम्पच्या खोक्यावर काय वाचावे

सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा शक्तीचा असतो, आणि तो नेहमी कंपनीला सोयीच्या रोधावर मोजलेला असतो. ‘३२ ओहमला १००० मिलिवॅट’ वाचून भारावून जाण्याआधी हिशेब करावा. याचा अर्थ अ‍ॅम्प ५.७ व्होल्टपर्यंत जातो. तोच ३०० ओहमला जोडला तर साधारण १०७ मिलिवॅट देईल. आपला हेडफोन ज्या ओहमचा, त्या ओहमचा आकडा शोधावा. वरच्या हिशेबाने जेवढे लागतात त्याच्या दुप्पट-चौपट असले तर भरपूर झाले.

दुसरा आकडा आउटपुट रोधाचा. तो हेडफोनच्या रोधाच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा. म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनसाठी ४ ओहमहून कमी. हेडफोनचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा रोध जास्त असेल तर ज्या स्वरांना हेडफोनचा रोध वाढतो ते स्वर फुगतात, आणि खर्ज ढोबळ होतो. घरातल्या जुन्या संगीत रिसीव्हरच्या हेडफोन जॅकला बहुतेकदा हीच अडचण असते.

तिसरी गोष्ट गेनच्या, म्हणजे संकेत किती पटीने वाढवायचा ते ठरवणाऱ्या बटणाची : ‘लो’ आणि ‘हाय’. संवेदनशील हेडफोनला हाय गेन लावला तर खुंटी जेमतेम सरकवताच आवाज मोठा होतो. फिरत्या खुंटीच्या अगदी सुरुवातीच्या भागात डावा आणि उजवा आवाज बऱ्याचदा समान नसतो, आणि खेळात दिशेचा गोंधळ होतो. लो गेनवर खुंटी दहा ते दोन वाजण्याच्या स्थितीत यावी असा अ‍ॅम्प चांगला.

काही गोष्टींकडे निर्धास्तपणे दुर्लक्ष करता येते. ७६८ किलोहर्ट्झ, डीएसडी वगैरे छापील कौतुकाचा इथे उपयोग नाही, कारण टीव्ही आणि खेळांचा आवाज साधारणपणे ४८ किलोहर्ट्झचा असतो. ४.४ मिमीचे बॅलन्स्ड आउटपुट अधिक व्होल्टेज देते, पण तसा जड हेडफोन आणि त्याला साजेशी तार असेल तरच. ६.३५ मिमीचा मोठा जॅक मात्र कामाचा. टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचबोर्डवर एकोणिसाव्या शतकात जन्मलेला हा जॅक रोजच्या काढ-घालीत लहान जॅकपेक्षा जास्त टिकतो.

चांगला अ‍ॅम्प महागच असावा लागतो हा समजही सोडून द्यावा. २०११ मध्ये एका निनावी अभियंत्याने ‘ऑब्जेक्टिव्ह २’ या हेडफोन अ‍ॅम्पचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. साधे, सहज मिळणारे भाग वापरून, प्रत्येक निर्णयामागचे मोजमाप देऊन त्याने दाखवले की स्वच्छ आवाजाला गूढ किमया लागत नाही. त्यानंतर स्वस्त अ‍ॅम्पचा दर्जा मोजमापाच्या कसोटीवर तपासण्याची सवय ग्राहकांना लागली.

कानांचे अंदाजपत्रक

अ‍ॅम्प्लिफायर घरी आला की आवाजाची मर्यादा यंत्राकडून आपल्याकडे येते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याचे मानक दिले : प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. प्रौढांसाठी ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. ९५ डेसिबलवर संपूर्ण आठवड्यासाठी सव्वा तास उरतो, आणि सुट्टीतल्या एका दुपारच्या खेळात तो संपतो. गेलेले ऐकणे परत येत नाही. म्हणून घरात मुले खेळत असतील तर गेन ‘लो’ वर ठेवावा, हेडफोन लावण्याआधी खुंटी शून्यावर आणावी आणि खेळ सुरू झाल्यावर हळूहळू वाढवावी. खेळ संपल्यावर कानात शीळ ऐकू आली तर आवाज जास्त होता, एवढे निश्चित समजावे.

निवाडा

हेडफोन ३२ ते ५० ओहमचा आणि एका मिलिवॅटला १०० डेसिबलच्या आसपास असेल तर कंट्रोलरचा जॅक पुरेसा आहे. अ‍ॅम्पचे पैसे चांगल्या हेडफोनवर खर्च करावेत. हेडफोन २५०-३०० ओहमचा किंवा जड प्लॅनर असेल तर अ‍ॅम्प घ्यावा. प्लेस्टेशन ५ असेल तर यूएसी १ चालणारा यूएसबी डॅक-अ‍ॅम्प, एक्सबॉक्स असेल तर ऑप्टिकल असलेला, दोन्ही असतील किंवा टीव्हीही ऐकायचा असेल तर यूएसबी आणि ऑप्टिकल दोन्ही असलेला. अशा डब्यांचा दर्जेदार गट आज साधारण दहा ते वीस हजार रुपयांत मिळतो. पाच-सातशे रुपयांत मिळणारा ‘ऑप्टिकल ते आरसीए’ डबा हलक्या हेडफोनला किंवा आधीच असलेल्या अ‍ॅम्पला जोडायला चालेल, जड हेडफोन त्याच्या ताकदीबाहेरचा.

जबलपुरात मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये जा किंवा घरबसल्या मागवा, खरेदीपूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या : हेडफोनचे ओहम आणि डेसिबल, टीव्हीच्या पाठीमागच्या सगळ्या जागांची नावे, आणि कन्सोलचे नेमके मॉडेल. दुकानात जात असाल तर स्वतःचा हेडफोन सोबत न्या, तो लावूनच ऐका, आणि भारतातली वॉरंटी लेखी घ्या. या तीन नोंदी हातात असल्या की कोणताही विक्रेता तुम्हाला नको ते यंत्र विकू शकणार नाही.